सात दिवसांचा खेळ

राजा, राणी, चोर, शिपाई हा चिठ्ठ्यांचा खेळ लहानपणी खेळला नाही असा माणूस आपल्या वस्त्यांतून सहसा सापडायचा नाही. वहीचे जुने पान फाडायचे, चार चिठ्ठ्या करायच्या आणि उधळायच्या. राजाला १००० गुण, चोराला शून्य. शिपायाने उरलेल्या दोघांची तोंडे न्याहाळायची आणि चोर कोणता ते सांगायचे. शिपाई चुकला तर त्याचे गुण चोराच्या खात्यात. खर्च नाही, मोठी जागा लागत नाही, पाऊस लागला तरी पडवीत बसून खेळता येतो. कष्टकऱ्यांच्या मुलांना ह्याहून सोयीचा खेळ नाही.

पण शिपायाजवळ पुरावा म्हणून काय असते? काहीच नाही. कोण हसला, कोणाचे डोळे खाली गेले, कोणाचा चेहरा पडला, एवढ्यावर तो चोर ठरवतो. दोघांतून एक निवडायचा असतो तोवर ह्यात वावगे वाटत नाही. पण हीच सवय मोठेपणी गावात, कारखान्यात, चाळीत चालू राहिली तर काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. गावात चोरी झाली की चोराचा माग काढण्याचे काम आपल्या आजोबा-पणजोबांचे, आणि माग लागला नाही की संशयाचे पहिले बोटही त्यांच्याकडेच, असे जुनी माणसे सांगत. इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारधी, कैकाडी बांधवांकडे बघण्याची नजर अजून पुरती बदललेली नाही. खेळातली चोराची चिठ्ठी दर डावाला दुसऱ्याकडे जाते. ह्या माणसांची चिठ्ठी पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडेच राहिली.

हा सारा विचार करण्याची वेळ आमच्यावर मुलांनी आणली. आम्ही म्हणजे मालवण तालुक्यातल्या एका विहारात मुलांचा वर्ग चालवणाऱ्या चौघीजणी. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले मुंबईहून गावी येतात. दिवसभर आंबे, काजू आणि समुद्र. दिवेलागणीनंतर मात्र हातात मोबाइल. म्हणून सुट्टीत रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की तासभर गोष्टी, गाणी आणि खेळ असा कार्यक्रम आम्ही ठेवतो. एका वर्षी मुंबईच्या मुलांनी त्यात 'माफिया' नावाचा खेळ आणला.

हा खेळ आपल्या चोर-शिपायाचाच मोठा भाऊ म्हणायला हरकत नाही. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ ह्या तरुणाने तो १९८६ च्या सुमारास रचला. थोड्यांना सारे ठाऊक आहे आणि बहुतेकांना काहीच ठाऊक नाही, अशा दोन गटांत जिंकते कोण, हा त्यामागचा प्रश्न. सर्वांनी गोल बसायचे. चिठ्ठीने दोन-तीन जण गुपचूप 'माफिया' होतात. सूत्रधार 'रात्र झाली' म्हणाला की सगळे डोळे मिटतात. फक्त माफिया डोळे उघडून एकमेकांना ओळखतात आणि खुणेने एकाला 'मारतात'. दिवस उजाडला की सगळे मिळून वाद घालतात, संशय घेतात आणि हात वर करून एकाला बाहेर काढतात. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन ह्या अमेरिकन माणसाने माफियांच्या जागी गावात लपलेले लांडगे आणले. २०२० च्या टाळेबंदीत 'अमंग अस' ह्या नावाने मोबाइलवर गाजला तोही ह्याच जातीचा खेळ. आमच्या मुलांनी तो तिथेच शिकला होता.

दोन संध्याकाळी आम्ही त्यांना त्यांच्या पद्धतीने खेळू दिले आणि शेजारी वही घेऊन बसलो. १४ मुले, त्यांत ३ माफिया. डोळे मिटून कोणाकडेही बोट दाखवले तर १४ पैकी ११ वेळा ते निरपराधावरच जाणार, हे साधे गणित. तरी मुले पहिल्या मिनिटाला ठामपणे बोट दाखवत होती. पहिला बाहेर कोण जातो ते आम्ही लिहीत गेलो. पाच डाव झाले. त्यांपैकी तीन डावांत बोलताना अडखळणारा एक मुलगा पहिला गेला. एकदा गेली ती नुकतीच आजोळी राहायला आलेली मुलगी. पाचव्या डावात गेला तो सर्वांत लहान. मोठ्याने बोलणारा एकही पहिला गेला नाही. निरपराध मूल बाहेर गेले तरी कोणी त्याला 'चुकलं रे' म्हणत नव्हते. नवी रात्र सुरू होत होती आणि ते मूल पडवीच्या टोकाला गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसत होते.

खेळ बंद करा म्हणणे सोपे होते. पण मुलांना त्यात रस होता आणि त्या रसात चुकीचे काही नव्हते. माणसाच्या बोलण्यातून खरे-खोटे ताडणे ही आयुष्यात लागणारीच विद्या आहे. तेव्हा खेळ हाच ठेवावा, पण त्याची कथा आणि त्याचे नियम आपण आपले करावेत, असे ठरले. कथा शोधायला लांब जावे लागले नाही. वर्षावासात आपण ज्याचे वाचन करतो त्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या बाबासाहेबांच्या ग्रंथातच ती आहे. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर तो प्रसिद्ध झाला. त्याच्या सहाव्या खंडात भगवंतांच्या विरोधकांविषयी जो भाग आहे, त्यात सुंदरीच्या खुनाचे प्रकरण येते.

ज्यांच्या वाचनात ते आले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्रावस्तीत तथागतांचा लौकिक वाढला, तशी इतर पंथांतल्या काहींच्या पोटात आग पडली. त्यांनी सुंदरी नावाच्या परिव्राजिकेला जेतवनात लोकांच्या डोळ्यांवर येईल असे येणे-जाणे करायला लावले. मग भाडोत्री दारुडे मारेकरी घालून तिचा खून केला, प्रेत जेतवनातच लपवले आणि सुंदरी नाहीशी झाली म्हणून राजाकडे ओरड केली. शोध घेतल्यावर प्रेत सापडले. मग ते गल्लोगल्ली फिरवून त्यांनी भिक्खूंची छी-थू केली. भिक्खू भिक्षेला निघाले की लोक शिव्या देत. उदान ह्या पाली ग्रंथात सांगितले आहे की तथागत तेव्हा डगमगले नाहीत. हा गलबला सात दिवस टिकेल आणि मग आपोआप शमेल, असे ते भिक्खूंना म्हणाले. आणि तसेच झाले. मारेकरी मिळालेल्या पैशांतून गुत्त्यात दारू पिऊन भांडू लागले, भांडणात खुनाची गोष्ट तोंडातून निघाली, ती राजाच्या माणसांच्या कानी पडली, आणि कट उघडा झाला.

लपलेले थोडके, अंधारात चाचपडणारे पुष्कळ, खोटा आरोप आणि सात दिवसांची मुदत. खेळाला आणखी काय हवे? आम्ही माफियांना 'कुजबुजे' हे नाव दिले, बाकी सगळे श्रावस्तीचे नगरजन. सात रात्री आणि सात दिवस. सुंदरीचे काम मात्र कोणाला द्यायचे नाही असे ठरवले. खेळ सुरू होतो तेव्हा ती मारली गेलेली आहे. गोलात तिच्या नावाने एक पाट रिकामा ठेवला.

पहिला अडथळा आमच्याच घरातून आला. गिरणीत आयुष्य घालवून गावी परतलेले एक आबा वंदनेला नियमित येतात. त्यांनी आम्हांला अडवले. "चौथा शील पोरांकडसून म्हणून घेतास आणि मगे भायर पडवीत तेंकाच खोटा बोलूक शिकयतास? ह्या खयचा शिक्षण?" आबांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. नाटकात खलनायकाचे काम करणारा खोटे बोलत नसतो, हे उत्तर आमच्याजवळ होते. पण संध्याकाळी मुले 'मुसावादा वेरमणी' म्हणतात आणि अर्ध्या तासाने तीच मुले शपथा घेऊन खोटे सांगतात, हे आमच्याही मनाला पटेना. तेव्हा आम्ही वेगळा प्रश्न घेतला : ह्या खेळात कोणालाही उघड खोटे बोलावे लागणार नाही, असे करता येईल का?

करता आले. सर्वांत मोठी अडचण एकाच प्रश्नाची होती, 'तू कुजबुज्या आहेस का?' हा प्रश्न विचारला की कुजबुज्याला खोटे बोलणे भाग. त्यावर तोड भारतीय राज्यघटनेत मिळाली. कलम २० (३) सांगते की कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. झाले! तो प्रश्न विचारण्याचीच बंदी. गप्प राहण्याचा हक्क सर्वांना. शिवाय कलम २२ अटक झालेल्या माणसाला वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देते. म्हणून आमच्या श्रावस्तीत आरोप झालेल्या मुलाने गोलातून कोणालाही वकील नेमायचे. वकिलाचे म्हणणे सूत्रधार मनात १०० आकडे मोजेपर्यंत सर्वांनी मुकाट ऐकायचे.

दुसरा नियम बोलण्याचा. आरोप करताना प्रत्येकाने तीनपैकी एका शब्दाने सुरुवात करायची : 'मी पाहिलं', 'मी ऐकलं' किंवा 'मला वाटतं'. आमची गावची मुले म्हणत, 'मियां बघलंय', 'मियां आयकलंय', 'माका वाटता'. 'ऐकलं' म्हणणाऱ्याने कोणाकडून ते सांगायचे, आणि तो माणूस गोलातच बसलेला असल्याने त्याला लगेच विचारता येते. 'पाहिलं' मात्र कोणीही उठून म्हणायचे नाही. रोज सकाळी सूत्रधार १४ घड्या घातलेल्या चिठ्ठ्या वाटते. १३ कोऱ्या असतात, एकीत खरी खूण लिहिलेली असते. उदाहरणार्थ, 'भिंतीला टेकून बसलेल्या पाच जणांत एकच कुजबुज्या आहे.' ती चिठ्ठी सूत्रधाराला दाखवूनच 'मी पाहिलं' म्हणता येते. कुजबुज्याच्या हाती ती पडली तर तो दडपून ठेवू शकतो, पण बदलून सांगू शकत नाही. आणि ज्या दिवशी एकही 'पाहिलं' आले नाही, त्या दिवशी कोणाविरुद्ध हात वर करता येत नाहीत. दिवसभर 'मला वाटतं' म्हणत बसा, पण शिक्षा नाही.

तिसरा नियम निकालाचा. १४ पैकी ७ नव्हे, ९ हात वर झाले तरच दोषी. दोषी ठरवलेला निरपराध निघाला, तर हात वर करणाऱ्या प्रत्येकाने उठून त्याच्यापुढे जायचे, 'जय भीम, आमचं चुकलं' म्हणायचे आणि त्याला पुन्हा त्याच्या जागी बसवायचे. कोणालाही खेळाबाहेर काढायचे नाही. असे दोन निरपराध दोषी ठरले की श्रावस्ती हरली. पण सात दिवसांत तशी वेळ आली नाही, तर कुजबुजे सापडोत न सापडोत, श्रावस्ती जिंकली. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये, असे आपण म्हणतो, ते खेळात आणले.

तुम्ही विचाराल, मग कुजबुज्यांच्या हाती उरले काय? खोटी साक्ष नाही, 'मी नाही त्यातला' असे सांगण्याचीही सोय नाही. रात्री डोळे उघडून ते खुणेने एक नाव ठरवतात आणि सूत्रधार त्या मुलापुढे समुद्रावरून आणलेला एक शिंपला ठेवते. सकाळी सगळे बघतात, आज कुजबुज कोणाविषयी आहे. बस्स. एक शिंपला, काही प्रश्न आणि 'मला वाटतं'. आम्हांला वाटले होते, एवढ्याने काय होणार? पहिल्याच डावात दिसले की एवढे पुष्कळ झाले.

दुसऱ्या दिवशीची खूण निघाली, भिंतीकडच्या पाचांत एक कुजबुज्या. शिंपला होता त्या अडखळणाऱ्या मुलापुढे, आणि तोही त्या पाचांतच बसलेला. कुजबुज्यांपैकी एकाने नुसते विचारले, "हा एवढा गप्प का?" दुसरा म्हणाला, "काल पण खालीच बघत होता." ही दोन्ही वाक्ये खरी होती. तो गप्प होता आणि खालीच बघत होता, कारण तो रोजच तसा असतो. एकही खोटा शब्द न बोलता दोन मिनिटांत आठ हात वर झाले. नववा हात वर जायचा एवढेच बाकी होते. त्या मुलाने वकील म्हणून शेजारच्या मुलीला नेमले. ती नववीत शिकते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "पाचांत एक आसा, म्हणजे चार जण निर्दोष आसत. ह्योच तो एक, ह्या कोणी बघल्यान?" तिने एकेकाकडे बोट करून विचारले, "तू बघलंस? तू आयकलंस? मगे तुका वाटता." शंभर आकडे व्हायच्या आत चार हात खाली आले. तो मुलगा निरपराधच होता.

त्या एका क्षणासाठी हा सारा खटाटोप केला असे आम्हांला वाटले. तो मुलगा काही बोलला नाही, पण पुढच्या दिवशी दुसऱ्या एकाने त्यालाच वकील नेमले. तो अडखळत अडखळत बोलला आणि शंभर आकडे सगळे गप्प बसून ऐकत होते, कारण नियमच तसा होता.

तो डाव सात दिवस चालला. एकही निरपराध दोषी ठरला नाही. तिघांपैकी एक कुजबुज्या सापडला, दोन सुटले. नियमाप्रमाणे आम्ही जाहीर केले, श्रावस्ती जिंकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी त्या रिकाम्या पाटाकडे बघत म्हणाली, "मगे सुंदरीचा काय? तिका मारल्यानी ते तर सुटले."

टाळ्या थांबल्या. आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. ही कथा सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष संघावरचा कलंक पुसला जाण्याकडे असते. पण कथेच्या मुळाशी एका बाईचा जीव गेला आहे. तिला आधी हत्यार म्हणून वापरले, मग मारले आणि मेल्यावर तिच्या देहाचे प्रदर्शन मांडले. निरपराधाला शिक्षा झाली नाही ही मोठी गोष्ट, पण तेवढ्याने न्याय पुरा होत नाही. आपल्या समाजातल्या किती आया-बहिणींच्या बाबतीत आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि प्रकरण मिटले असे म्हटले गेले, हे आम्हां बायकांना त्या मुलीने सांगायची गरज नव्हती. पण तिने सांगितले हे बरे झाले.

रात्री बसून आम्ही नियमांत भर घातली. निरपराध वाचले तर तो अर्धा विजय. तिन्ही मारेकरी सापडले तरच पुरा विजय. आणि ते सापडावेत कसे, ह्याचे उत्तर मूळ कथेतच होते. पैशांवरून झालेले भांडण! आता दर रात्री कुजबुज्यांच्या मध्ये १० चिंचोके ठेवले जातात. ही त्यांची मजुरी. सूत्रधार २० आकडे मोजते तेवढ्यात, तोंडाने न बोलता, त्यांनी ते वाटून घ्यायचे. दहा चिंचोके तिघांत सारखे वाटले जात नाहीत, एक उरतोच. सहा रात्रींत त्या एका चिंचोक्याने काय काय होते ते बघण्यासारखे असते. पहिल्या रात्री समजूतदारपणा, दुसऱ्या रात्री झटापट, चौथ्या रात्री तर हाताला चिमटे. डोळे मिटलेल्या नगरजनांना चिंचोके खडखडल्याचे ऐकू येते आणि आवाज कोणत्या बाजूने आला ते सकाळी 'मी ऐकलं' म्हणून सांगता येते. सहाव्या रात्री सूत्रधार खुणेने विचारते, कोणी माफीचा साक्षीदार होतो का? ज्याच्या वाट्याला कमी आले तो बहुधा हात वर करतो. सातव्या दिवशी त्याची साक्ष 'मी पाहिलं' म्हणून धरली जाते. मग निकाल रिकाम्या पाटाकडे तोंड करून वाचायचा, कोणी केले आणि कोणाच्या पैशाने केले. हे वाचण्याचे काम आम्ही त्या सहावीतल्या मुलीला दिले.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी खेळ न खेळता आम्ही मुलांना दोन खऱ्या हकिकती सांगितल्या. पहिली महाडची. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर काही वेळातच गावात भुमका उठवली गेली की ही माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असा बेत कोणाचाच नव्हता. पण जमाव लाठ्याकाठ्या घेऊन धावला आणि मंडपात जेवणाऱ्या, परतीच्या वाटेवर असलेल्या आपल्या माणसांना त्याने बदडले. चिडलेल्या अनुयायांना बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितले, आणि ती शिस्त लोकांनी पाळली. तळ्याच्या हक्काचा झगडा पुढे कोर्टात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल झाला. दुसरी हकिकत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याची. १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथे जमावाने ठार मारले. कारण काय, तर मुले पळवणारी टोळी आली आहे असे लोकांनी मोबाइलवर 'ऐकलं' होते. त्या जमावात कोणी एकाने उभे राहून 'कोणी बघितलं?' असे विचारायला हवे होते, हे आम्हांला मुलांना सांगावे लागले नाही. नववीतली ती मुलगीच म्हणाली, "काकी, तेंकां वकील कोणी होवक नाय."

कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचा गाभा हाच आहे : सांगोवांगीवर, परंपरेवर किंवा मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. आपण तो व्याख्यानांतून पुष्कळ ऐकतो. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या वस्त्यांतूनही कोणी आजारी पडले की कोणीतरी करणी केल्याची कुजबुज अजून होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या जूनमध्ये आमच्याकडे एका घरी तापाने फणफणलेल्या मुलावरून शेजारच्या एकट्या म्हातारीचे नाव निघू लागले. नळावर दोघी बोलत होत्या. पाणी भरायला आलेल्या एका मुलाने आपल्या काकीला विचारले, "तू बघलंस काय आयकलंस?" काकी म्हणाली, "गप रव." पण पुढचे वाक्य तिला सुचले नाही. मुलाला दवाखान्यात नेले, औषधाने ताप उतरला. अशा रीतीने एखाद्यावर करणी-चेटकाचा ठपका ठेवणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, हेही मुलांना माहीत असावे.

आबा आता खेळाच्या वेळी खुर्ची टाकून बसतात. एकदा दोघे नगरजन वाद घालता घालता हातघाईवर आले, तेव्हा त्यांनीच काठी आपटून विचारले, "कलम काय सांगता?"

ज्यांना आपल्या विहारात किंवा घरी हा खेळ करायचा असेल त्यांना सामान फारसे लागत नाही. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या, दहा चिंचोके, एक शिंपला (समुद्र नसेल तिथे गुळगुळीत खडा चालेल), एक पाट आणि सूत्रधार म्हणून एक धिमे माणूस. मुले १० ते १५ असावीत. दहाच असतील तर कुजबुजे दोन करावेत आणि दोषी ठरवायला सात हात धरावेत. चिंचोके मात्र दोघांना नऊच द्यावेत, म्हणजे एक उरेल. खुणेच्या चिठ्ठ्या पहिल्या रात्री कुजबुजे कोण ते बघून सूत्रधारानेच लिहाव्यात, आणि पहिल्या दोन दिवसांच्या खुणा मोघम ठेवाव्यात. बुद्धमूर्तीसमोर न खेळता पडवीत किंवा अंगणात खेळावे. सात दिवसांच्या सात फेऱ्यांना सव्वा तास लागतो. घाई असेल तर फेऱ्या कमी कराव्यात, पण वकिलाचे शंभर आकडे कमी करू नयेत. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल आणि ग्रंथवाचन सहाव्या खंडापर्यंत येईल, त्या संध्याकाळी मुलांना थांबवून घ्या. सुंदरीचा पाट मांडायचे काम सर्वांत लहान मुलीकडे द्या.